पाडव्याची गुढी कलंडली त्याचा पूर्ण हिशोब

३० मार्च २०२५, रविवार, पाडवा. इंदूरच्या लोकमान्य नगरात आमचं घर, दुसरा मजला, रस्त्याकडे बाल्कनी. सकाळी सातला गुढी उभी राहिली, पूजा झाली, कडुलिंबाची चटणी तोंड वाकडं करत सगळ्यांनी खाल्ली, आणि पावणेअकराला मी पुऱ्या लाटत असताना बाहेरून धाडकन आवाज आला. जाऊन बघितलं तर बांबू रेलिंगवर उलटा झालेला, वरचं टोक खाली रस्त्याकडे आणि खालचं टोक बाल्कनीत वर हवेत, तांब्या पहिल्या मजल्याच्या छज्जावर आपटून पडलेला आणि साडी खालच्यांच्या ग्रिलमध्ये अडकलेली. कोणाला लागलं नाही हे नशीब. पण सासूबाई एकदम गप्प झाल्या, कारण तो तांब्या त्यांच्या माहेरचा होता आणि त्याला चांगला अंगठ्याएवढा पोचा आला होता.

मी घरी अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवते. पुतणी यंदा अकरावी संपवून बारावीत जाणार, भंवरकुआला कोचिंगला जाते, टॉर्कचा फॉर्म्युला झोपेतून उठवून विचारला तरी सांगेल. म्हणून दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही दोघींनी ठरवलं की हे प्रकरण नीट सोडवायचं, नुसतं "वारा आला असेल" म्हणून सोडून द्यायचं नाही. पुढे जे लिहिलंय ते त्या दुपारचं आहे, आकडे खरे मोजलेले आहेत, फक्त सोपे जावेत म्हणून जरा गोल केलेत.

आधी घरातल्यांची मतं. ह्यांचं म्हणणं सुतळी जुनी होती, सैल पडली. शेजारच्या मावशी म्हणाल्या सणाच्या दिवशी गुढी पडणं बरं नाही, पुन्हा पूजा करून घ्या. पुतणी म्हणाली काकू वजन जास्त झालं. मी विचारलं, किती वजन? आमच्याकडे प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा आहे, त्याला लटकवून सगळं तोललं. बांबू २ किलो. तांब्या ९०० ग्रॅम, सासूबाईंची जरीची नऊवारी ७५० ग्रॅम, साखरेच्या गाठी, हार आणि कडुलिंब मिळून ३५०. म्हणजे टोकावर बरोबर २ किलो, सगळं मिळून ४ किलो. पुतणी स्वतःच म्हणाली, चार किलो म्हणजे काहीच नाही, माझी कोचिंगची बॅग याहून जड असते. बरोबर. लोखंडी रेलिंगला आणि सुतळीला चार किलो म्हणजे खरंच काही नाही.

आणि इथेच पहिला धागा सापडला, सुतळी तुटलीच नव्हती. गाठ जशीच्या तशी, वेढे जागच्या जागी, बांबू अजून त्याच गाठीत अडकलेला होता, म्हणूनच तो रस्त्यावर पडला नाही. म्हणजे गुढी खाली पडली नाही, ती फिरली. बांबू आख्खाच्या आख्खा खाली गेला असता तर ती बलाची गोष्ट, वजन किती आणि दोरी किती पेलते एवढाच हिशोब. पण जागेवरच्या जागेवर एका गाठीभोवती फिरला तर प्रश्न बलाचा नाही, फिरवण्याच्या ताकदीचा आहे, आणि तिलाच टॉर्क म्हणतात. हिंदी मीडियमची मुलं माझ्याकडे येतात ती बल आघूर्ण म्हणतात. मला स्वतःला आपला पीळ हा शब्द आवडतो, कारण टॉर्क हा शब्दही लॅटिनमधल्या पिळणे या क्रियापदावरूनच आलाय, १८८४ साली जेम्स थॉमसनने, म्हणजे लॉर्ड केल्विनच्या भावाने, तो फिजिक्समध्ये सुचवला. कल्पना मात्र फार जुनी, तरफेचा नियम आर्किमिडीजने ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातच मांडून ठेवलाय. सातवी-आठवीत आपण टेकू, भार, बल शिकतो ना, तेच हे.

आता मांडणी सांगते, कारण टॉर्कच्या गणितात निम्मं काम चित्र नीट काढण्यातच असतं. बांबू ३ मीटर लांब. रेलिंगच्या वरच्या पाइपाला एकाच जागी सुतळीने बांधलेला, खालच्या टोकापासून १.२ मीटरवर. बांबूचं एक पेर बरोबर त्या वेढ्यांवर अडकलेलं, त्यामुळे बांबू खाली घसरत नव्हता, सगळा भार रेलिंगवर होता. खालचं टोक फरशीपासून वीतभर वर, कारण बाल्कनी धुतली की पाणी लागतं. गुढी रस्त्याकडे झुकलेली, उभ्या रेषेपासून ३० अंश, आणि खालचं टोक आत, रेलिंगपासून ६० सेंटिमीटरवर. ते टोक आणखी आत सरकू नये म्हणून त्याच्या मागे कोरफडीची कुंडी ठेवलेली. बस, एवढंच. आणि हीच मांडणी गेल्या वर्षी दिवसभर टिकली होती, अगदी हाच बांबू, हीच कुंडी, हीच गाठ. म्हणून हे म्हणत होते की मांडणीत काही चूक नाही, सुतळीच जुनी झाली.

पुतणीने वही घेतली आणि दोन मिनिटांत उत्तर काढलं. आर एफ साइन थीटा, म्हणजे टेकूपासूनचं अंतर गुणिले बल गुणिले दोघांमधल्या कोनाचा साइन. वरच्या वजनाला ३ मीटर, १९.६ न्यूटन (२ किलो गुणिले ९.८), साइन ६०. बांबूला दीड मीटर, १९.६ न्यूटन, साइन ६०. बेरीज ७६.४ न्यूटन मीटर. आकडेमोड अगदी बरोबर, उत्तर चुकीचं. तीन ठिकाणी चूक आहे आणि या तिन्ही चुका माझ्याकडे येणारी निम्मी मुलं दरवर्षी करतात, म्हणून इथे जरा थांबते.

पहिली चूक कोनाची. थीटा म्हणजे बलाची दिशा आणि बांबू यांच्यातला कोन. वजन सरळ खाली ओढतं, बांबू उभ्या रेषेपासून ३० अंशावर, म्हणजे साइन ३० घ्यायचा. तिने जमिनीशी असलेला कोन धरला, कारण पुस्तकातल्या उताराच्या गणितांत कोन जमिनीपासून दिलेला असतो आणि हाताला तीच सवय लागते. मी तिला म्हटलं थीटा विसर, दोरा आण. दोऱ्याला एक नट बांधून ओळंबा केला, पडलेला बांबू परत आधीसारखा उभा धरला, टोकावरून ओळंबा सोडला आणि रेलिंगपासून त्या दोऱ्यापर्यंत आडवं अंतर टेपने मोजलं. ९० सेंटिमीटर. झालं, हीच भुजा. १.८ मीटर गुणिले साइन ३० केलं तरी तेवढंच येतं, पण टेपने मोजलं की कोन कुठला धरायचा हा गोंधळच संपतो. भुजा म्हणजे टेकूपासून बलाच्या रेषेपर्यंतचं लंब अंतर. बल खाली ओढत असेल तर भुजा आडवी, बल आडवं ढकलत असेल तर भुजा उभी. हे एकदा डोळ्याने बघितलं की विसरायला होत नाही.

यात एक गंमतीची गोष्ट तिने विचारली, साडी तर एवढी खालपर्यंत लोंबते मग तिचं वजन कुठे धरायचं, मधे? नाही. साडी टोकाला बांधलीये, बांबूला ती तिथेच ओढते, पुढे ती कितीही खाली लोंबू दे. म्हणून नऊवारीचे सगळे ७५० ग्रॅम टोकावरच.

दुसरी चूक बांबूच्या मध्याची. बांबू एका बाजूला जाड असतो. बोटावर आडवा तोलून बघितला तर जाड टोकापासून १.४ मीटरवर तोल साधला, दीडवर नाही. जाड बाजू खाली होती ते एक बरं होतं. म्हणजे बांबूचं वजन रेलिंगच्या फक्त २० सेंटिमीटर पुढे, आणि ओळंब्याच्या हिशोबाने भुजा १० सेंटिमीटर.

तिसरी चूक सगळ्यात मोठी, टेकू कुठे धरला. तिने बांबूच्या खालच्या टोकापासून मोजलं. तसं बघितलं तर कुठूनही मोजता येतं, गणित चुकत नाही, पण मग त्या बिंदूभोवती जी जी बलं पीळ देतात ती सगळी धरावी लागतात, आणि रेलिंग बांबूला किती आणि कुठल्या दिशेने ढकलतंय हे आपल्याला माहीतच नाही. म्हणून टेकू रेलिंगवर धरायचा. तिथून रेलिंगच्या बलाची भुजा शून्य, ते बल कितीही मोठं असो, हिशोबातून आपोआप बाहेर जातं. जे बल माहीत नाही त्याच्यावरच टेकू ठेवा, हे मी मुलांना पहिल्या दिवशी सांगते आणि तरी सगळे टोकापासूनच मोजायला लागतात, कारण फूटपट्टी टोकापासून सुरू होते.

तर आता खरा हिशोब. वरचं वजन १९.६ न्यूटन गुणिले ०.९ मीटर, १७.६४. बांबू १९.६ गुणिले ०.१, म्हणजे १.९६. बेरीज १९.६ न्यूटन मीटर, गुढीला बाहेर रस्त्याकडे फिरवणारा पीळ. बघा, बांबू आणि वरचं सामान दोन्ही दोन-दोन किलोचेच, पण एकाचा पीळ दुसऱ्याच्या नऊपट. आणि हो, एकक न्यूटन मीटरच लिहायचं, ज्यूल नाही, गुणाकार सारखा दिसत असला तरी ही ऊर्जा नाही, पेपरात इथे मार्क जातात.

याला उलटा पीळ कोण देत होतं? फक्त कुंडी. गुढी बाहेर पडायला लागली की खालचं टोक आत यायला बघतं, कुंडी त्याला अडवते, म्हणजे बाहेरच्या दिशेने आडवं ढकलते. आडव्या बलाची भुजा उभी, रेलिंगपासून बांबूच्या खालच्या टोकापर्यंत, १.०४ मीटर. मग लागणारं बल १९.६ भागिले १.०४, साधारण १८.८ न्यूटन. आता कुंडी एवढं बल देऊ शकते का? तिला जमिनीत तर रोवलेली नाही, ती नुसती फरशीवरच्या घर्षणाने उभी. पुस्तकातून घर्षणाचा गुणांक शोधण्यापेक्षा आम्ही कुंडीला हुकाचा काटा लावला आणि हळूहळू आडवं ओढलं. १.६ किलोवर कुंडी सरकली. तीन वेळा करून बघितलं, तेवढ्यातच. म्हणजे १५.७ न्यूटन, आणि तिचा जास्तीत जास्त पीळ १५.७ गुणिले १.०४, म्हणजे १६.३.

पाहिजेत १९.६, आहेत १६.३. सव्वातीन न्यूटन मीटर कमी. फरशीवर कुंडी घासल्याची रेघसुद्धा सापडली, चांगली वीतभर.

मग सकाळी सात ते पावणेअकरा गुढी उभी कशी राहिली? हा प्रश्न ह्यांनी विचारला आणि तो रास्त होता. उरलेले सव्वातीन सुतळीच्या गाठीने धरले होते, घट्ट वेढे बांबूला आवळून धरतात आणि फिरण्याला थोडा विरोध करतात. पण गाठीचं ते काम नव्हे, ताग जरा सैल पडला, झुळूक आली, साडी फुगली, की गेलं. त्यामुळे ह्यांचं म्हणणं अगदीच चूक होतं असं मी म्हणणार नाही, सुतळीने शेवटचा हात सोडला, पण तिच्यावर हे काम टाकायलाच नको होतं.

आणि गेल्या वर्षी? गेल्या वर्षी वर छोटा गडू होता, तोललेला ३५० ग्रॅम, आणि साडी माझी महेश्वरी, ४०० ग्रॅमची, बाकी तेवढंच. टोकावर १.१ किलो. १०.७८ गुणिले ०.९, म्हणजे ९.७, त्यात बांबूचे १.९६, एकूण ११.७. कुंडीची ताकद १६.३. आरामात टिकली. यंदा सासूबाईंनी पहिल्यांदाच माहेरचा तांब्या आणि स्वतःची नऊवारी काढून दिली, किती प्रेमाने दिली ते मला माहीत आहे, नऊशे ग्रॅम वाढले आणि त्या नऊशे ग्रॅमने आठ न्यूटन मीटर वाढवले. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा आधी भीतीच वाटली की त्यांना वाटेल तांब्याला दोष देतेय. मी म्हटलं, आई, तांब्याचा काही दोष नाही आणि शकुनाचाही नाही, चूक एवढीच की आम्ही आडवं अंतर मोजलंच नव्हतं. तांब्या रेलिंगच्या जवळ टांगला असता तर काहीच झालं नसतं. त्या म्हणाल्या गुढीचा कलश कोणी कमरेला बांधतं का. तेही खरंच.

पुतणीला अजून पटत नव्हतं, तिने उत्तर खालच्या टोकापासून मोजून पडताळायचं ठरवलं, आणि हे तिने स्वतःहून केलं याचं मला फार बरं वाटलं. टोकापासून बांबूची भुजा ०.७ मीटर, वरच्या सामानाची १.५. १३.७ अधिक २९.४, एकूण ४३.१ बाहेरच्या बाजूला. रेलिंग वर ढकलतं ३९.२ न्यूटन, कारण सगळा चार किलोचा भार त्याच्यावर, भुजा ०.६, तो झाला २३.५. आणि तोल राहायला कुंडीने जितकं बाहेर ढकलायला पाहिजे तितकंच रेलिंगने आत ढकलायला पाहिजे, १८.८ न्यूटन, भुजा १.०४, तो १९.६. बेरीज ४३.१. जुळलं. टेकू बदलला तरी निसर्ग बदलत नाही, फक्त आपलं काम वाढतं.

मग तिने विचारलं, खालचं टोक जमिनीला टेकवलं असतं तर बरं झालं असतं ना? मी पण क्षणभर हो म्हणणार होते. पण नीट बघा. जमीन टोकाला वर ढकलणार, आणि टोक रेलिंगच्या आतल्या बाजूला आहे, आतलं टोक वर गेलं की बाहेरचं टोक खाली, म्हणजे जमिनीचं ढकलणं गुढीला पाडायलाच मदत करतं! आपल्याला सवय असते की जमिनीला टेकलं म्हणजे पक्कं झालं, इथे बरोबर उलटं आहे. पेरावर अडकवून टोक अधांतरी ठेवलं हे नकळत का होईना चांगलंच केलेलं होतं.

आता दुरुस्ती, कारण सासूबाईंना गुढी सूर्यास्तापर्यंत परत उभी हवी होती आणि तोच तांब्या, तीच साडी लावून हवी होती, त्यात तडजोड नाही.

खालच्या टोकाला वजन लटकवायचं का? वजन खाली ओढणार, भुजा आडवी, फक्त ०.६ मीटर. १९.६ भागिले ०.६, ३२.७ न्यूटन, म्हणजे ३.३ किलो. दोन-दोन लिटरच्या पाण्याच्या दोन बाटल्या पुरल्या असत्या, पण पूजेच्या गुढीला बाटल्या लोंबकळताना कोणालाच बघवल्या नसत्या.

झुकाव कमी करायचा का? १५ अंश केला, खालचं टोक रेलिंगपासून ३१ सेंटिमीटरवर आणलं. भुजा ०.४७ आणि ०.०५ झाल्या, पीळ १९.६ वरून जवळजवळ १० वर आला, आणि कुंडीची भुजा उलट वाढून १.१६, म्हणजे तिची ताकद १८.२. सगळे खूश. पण वारा राहिला होता. साडीचं टोक काट्याला अडकवून झुळुकीत धरलं तर काटा अर्ध्या किलोपर्यंत जात होता, म्हणजे ४.९ न्यूटन आडवे. आडव्या बलाची भुजा उभी असते, रेलिंगपासून टोकाची उंची. ३० अंशावर ती १.५६ होती, १५ अंशावर ती १.७४ झाली. गुढी जितकी सरळ तितका वजनाचा पीळ कमी पण वाऱ्याचा जास्त. ४.९ गुणिले १.७४, साडेआठ. १०.२ अधिक ८.५, १८.७, आणि कुंडी १८.२ ची. एका झुळुकीने परत तेच झालं असतं.

म्हणून कुंडी काढूनच टाकली. खालच्या टोकाला सुतळी बांधून ती आडवी नेऊन रेलिंगच्या खालच्या पाइपाला ताणून बांधली. वाऱ्यासकट लागणारं बल १८.७ भागिले १.१६, फक्त १६ न्यूटन, दीड-पावणेदोन किलोचा ताण, तो सुतळीला कळतसुद्धा नाही. वरची गाठ टेकू, खालची सुतळी रोखणारी, दोघींची कामं वेगळी. दहा रुपयांची सुतळीही लागली नाही, ह्यांनी ज्या जुन्या सुतळीला नावं ठेवली होती तिचाच उरलेला तुकडा पुरला.

पावणेचारला गुढी परत उभी राहिली, सासूबाईंनी हळदकुंकू वाहिलं, तांब्याचा पोचा मागच्या बाजूला फिरवून ठेवला. संध्याकाळपर्यंत वारा दोन-तीनदा चांगला आला, साडी फडफडली, खालची सुतळी प्रत्येक वेळी ताणली जायची आणि पुतणी तिच्यावर बोट ठेवून बसली होती. सूर्यास्ताच्या आधी गुढी उतरवायची वेळ झाली. आधी गाठी आणि हार काढला, मग तांब्या, मग साडी, आणि साडी सुटल्याबरोबर पुतणी आतून ओरडली, "काकू, सुतळी सैल पडली, एकदम लुळी!" मी वहीत बघितलं, नुसत्या बांबूचा पीळ आता १ न्यूटन मीटर उरला होता.